दोन तारांवरील संभाषण : आपल्या दवाखान्यातील यंत्रे आतून कशी बोलतात

आपल्या संघाच्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयविकार, सर्पदंश, कुपोषण अशा विषयांवर लेख येतात आणि ते यावेतच. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र रोगाचा नाही, रोग मोजणाऱ्या यंत्राचा आहे. आणि यंत्राचाही नव्हे, त्याच्या पोटातील दोन तारांचा. हा विषय अभियंत्यांचा, तो डॉक्टरांच्या स्मरणिकेत कशाला, असे काही वाचकांना वाटेल. माझे उत्तर सरळ आहे. आपण आता रुग्णाच्या कपाळावर हात ठेवण्याआधी पडद्यावरचा आकडा वाचतो. तो आकडा संवेदकापासून पडद्यापर्यंत ज्या वाटेने येतो, त्या वाटेची किमान ओळख तरी आपल्याला असावी. शिवाय बोथसारख्या गावात यंत्र बिघडले की कंपनीचा अभियंता हैदराबादहून किंवा नागपूरहून येणार, आणि तो येईपर्यंत आपण, आपला कंपाउंडर आणि गावातील टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर एवढीच मंडळी त्या यंत्रापाशी असतात.

विद्यार्थिदशेत मला ट्रान्झिस्टर रेडिओ जोडण्याचा छंद होता. तो पुढे व्यवसायाच्या रगाड्यात मागे पडला, पण संपला नाही. खालील माहिती त्या छंदातून आलेली आहे. ती डॉक्टराने डॉक्टरांना सांगितलेली आहे, एवढे लक्षात घेऊन वाचावी.

या पद्धतीचे पूर्ण नाव इंटर-इंटिग्रेटेड सर्किट, म्हणजे एका चिपने दुसऱ्या चिपशी बोलण्याची रीत. रूढ नाव आय-स्क्वेअर-सी; पुष्कळ लोक नुसते आय-टू-सी म्हणतात. हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या अर्धवाहक विभागाने ती १९८२ साली तयार केली, आणि तयार केली ती रुग्णालयासाठी नव्हे, तर टीव्हीसाठी. आपल्याकडे दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तेही १९८२ सालीच. त्या वर्षीच्या दिल्लीच्या एशियाडची रंगीत चित्रे ज्यांनी पाहिली त्यांना ते दिवस आठवतील. टीव्हीतील चिपांची संख्या वाढत चालली होती. आवाज, उजेड, रंग, वाहिनी या प्रत्येकासाठी वेगळ्या तारांचा जुडगा ओढला, तर फळी मोठी होते, चिपला पाय जास्त लागतात, सांधे वाढतात आणि प्रत्येक सांधा हे बिघाडाचे ठिकाण असते. तेव्हा सर्वांसाठी मिळून दोनच तारा ठेवाव्यात आणि सर्वांनी पाळीपाळीने त्यांवरच बोलावे, असा विचार झाला. जुन्या टीव्हीची दुरुस्ती करणारे कारागीर ज्या चिपेला ‘मेमरी आयसी’ म्हणतात, २४सी०८ वगैरे क्रमांकाची, ती या दोन तारांवरच बसलेली असते. आपण रिमोटने लावलेला आवाज वीज गेल्यावरही टीव्हीच्या ध्यानात राहतो तो तिच्यामुळे.

पुढे ही रीत टीव्हीबाहेर पसरली. काही कंपन्यांनी तिला नुसते ‘टू-वायर इंटरफेस’ म्हटले, कारण मूळ नावावर फिलिप्सचा हक्क होता. ऑक्टोबर २००६ पासून ही पद्धत वापरण्याबद्दल परवान्याचे शुल्क देण्याची गरज उरली नाही. त्याच वर्षी फिलिप्सचा तो विभाग एनएक्सपी या नावाने वेगळा झाला, आणि आजही या पद्धतीची अधिकृत नियमावली तीच कंपनी प्रसिद्ध करते.

आता मूळ रचनेकडे वळू. अशा सामाईक तारांना ‘बस’ म्हणतात. हा शब्द लॅटिनमधील ‘सर्वांसाठी’ या अर्थाच्या ‘ऑम्निबस’वरून आलेला आहे, आपली आर.टी.सी.ची बसही त्याच कुळातली. एका तारेवरून माहिती जाते, तिला आपण माहितीची तार म्हणू. दुसरीवरून ताल दिला जातो, ती घड्याळाची तार. (यांच्या जोडीला विजेची आणि जमिनीची जोडणी लागतेच, पण ती प्रत्येक चिपला लागते म्हणून मोजत नाहीत.) दोन्ही तारा एकेका रोधामार्फत विजेच्या वरच्या पातळीला, म्हणजे ३.३ किंवा ५ व्होल्टला, बांधलेल्या असतात. कोणीच काही करीत नसेल तेव्हा त्या वर असतात.

येथे या पद्धतीची खरी खुबी आहे. तारेवर बसलेल्या एकाही चिपला तार वर ढकलण्याची मुभा नाही. तिला फक्त खाली ओढता येते किंवा सोडून देता येते. सोडली की रोध तिला आपोआप वर नेतो. आदिलाबादहून सुटणाऱ्या कृष्णा एक्सप्रेसमधील धोक्याची साखळी डोळ्यांपुढे आणावी. डब्यातील कोणीही ती ओढली तरी गाडी थांबते. दहा जणांनी एकदम ओढली तरी गाडी थांबतेच, आणखी काही मोडत नाही. मात्र एकाने ओढून धरली असेल तोवर बाकी सर्वांनी हात काढले तरी गाडी हलत नाही. दोन तारांच्या पद्धतीतील बहुतेक गुण आणि बहुतेक दोष या एका गोष्टीतून निघतात. कोणीच वर ढकलत नसल्यामुळे दोन चिपा एकदम बोलल्या तरी एकमेकींना जाळत नाहीत. आणि एकीने तार खाली धरून ठेवली तर सगळ्यांचे बोलणे बंद पडते.

संभाषणाचा क्रम असा असतो. एक चिप सूत्रे हाती घेते; तिला पूर्वी ‘मास्टर’ आणि बाकीच्यांना ‘स्लेव्ह’ म्हणत. २०२१ च्या नियमावलीत हे शब्द बदलून ‘कंट्रोलर’ आणि ‘टार्गेट’ करण्यात आले, ते योग्यच झाले. आपण नियंत्रक आणि उपकरण असे शब्द वापरू. घड्याळाची तार वर असताना नियंत्रक माहितीची तार खाली ओढतो. ही ‘आता मी बोलणार’ अशी खूण. मग तो सात अंकांचा पत्ता पुकारतो. अंक म्हणजे शून्य किंवा एक. तार खाली म्हणजे शून्य, वर म्हणजे एक. आठवा अंक सांगतो की माहिती द्यायची आहे की घ्यायची आहे. नववा ठोका नियंत्रक मोकळा सोडतो, आणि ज्याचा पत्ता पुकारला ते उपकरण त्या ठोक्याला तार खाली ओढून ‘ओ’ देते. ही झाली पोच. कोणी ओढली नाही, तर त्या पत्त्यावर कोणी नाही असे नियंत्रकाला कळते. पुढची माहितीही अशीच आठ-आठ अंकांनी जाते आणि प्रत्येक आठांमागे एक पोच द्यावी लागते. शेवटी घड्याळाची तार वर असताना माहितीची तार सोडून दिली की संभाषण संपले.

मूळ वेग सेकंदाला एक लाख अंकांचा, म्हणजे पोच धरून एक अष्टक सुमारे ९० मायक्रोसेकंदांत जाते. १९९२ मध्ये चार लाखांचा वेग मान्य झाला आणि त्यानंतर आणखी वरचेही. एखादे उपकरण हळू असेल तर ते घड्याळाची तार खाली धरून ‘जरा थांबा’ म्हणू शकते. दोन नियंत्रक एकाच क्षणी बोलू लागले तर ज्याने तार सोडलेली असूनही ती खाली दिसते, तो मुकाट्याने माघार घेतो. दुसऱ्याचे वाक्य न बिघडता पूर्ण होते. आपल्या वार्षिक सभेत ही सोय असती तर बरे झाले असते, असा विचार माझ्या मनात अनेकदा येऊन गेला आहे.

आपल्या वापरातील कोणत्या यंत्रांत हे सापडते? कपाळाचे तापमान दुरून मोजणाऱ्या थर्मामीटरमध्ये, बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरच्या अनेक नमुन्यांत, रक्तदाबाच्या स्वयंचलित यंत्रात जुनी मापे साठवणाऱ्या मेमरी आयसीत, बहुतेक यंत्रांतील तारीख-वेळ राखणाऱ्या घड्याळात, आणि बॅटरी किती उरली हे सांगणाऱ्या चिपेत. बॅटरीसाठी याच पद्धतीची एक कडक शाखा आहे, एसएमबस. इंटेल आणि ड्युरासेल यांनी ती १९९५ मध्ये आणली. आपल्या सभेत प्रोजेक्टर लावला की पडदा आपला आकार लॅपटॉपला कळवतो, तोही व्हीजीए किंवा एचडीएमआय केबलीतील याच दोन तारांवरून. केबलीचा नेमका तो पाय वाकला असेल तर चित्र येते, पण भलत्याच मापाचे येते. मात्र सगळीच यंत्रे सर्वत्र हीच रीत वापरतात असे नाही. ईसीजीच्या लहरीला अखंड आणि वेगवान प्रवाह लागतो. तिथे बहुधा एसपीआय नावाची, चार तारांची, वेगळी पद्धत असते. १०८ च्या रुग्णवाहिकेच्या इंजिनात ज्या दोन तारा धावतात त्या बॉश कंपनीच्या कॅन पद्धतीच्या. तारांची संख्या सारखी, कुळ वेगळे. आय-स्क्वेअर-सीची वारसदार म्हणून आय-थ्री-सी ही पद्धत २०१६ च्या अखेरीस पुढे आली आहे आणि ती जुन्या उपकरणांपैकी पुष्कळांना त्याच तारांवर सामावून घेते.

आता पत्त्याविषयी, कारण डॉक्टरांना येथे विशेष रस वाटावा. सात अंकांतून १२८ पत्ते होतात. त्यांतले १६ राखीव, उरले ११२. जगात अशा चिपांचे हजारो प्रकार आहेत. त्यामुळे एकच पत्ता अनेकांना दिला जाणे अटळ आहे. आपल्या ओपीडीत तेलुगू, मराठी, गोंडी, उर्दू, लमाणी अशा सगळ्या भाषा बोलणारी माणसे येतात, आणि ‘लक्ष्मी’ असे पुकारले की तिघी उठून उभ्या राहतात. तिघींपैकी प्रत्येकीचा ‘ओ’ खरा असतो. अडचण पुढे, केसपेपर कुणाचा आणि सुई कुणाला, येथे सुरू होते.

हा घोटाळा मी घरच्या टेबलावर मुद्दाम करून पाहिला. इटलीतील इव्हरिया गावात २००५ च्या सुमारास जन्मलेली आर्डुइनो नावाची शिकाऊ फळी आता आपल्याकडील अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याकडे सापडते. तिच्या ‘ए-४’ आणि ‘ए-५’ या दोन टोकांवर माहितीची आणि घड्याळाची तार येते. तिला मी दोन वस्तू जोडल्या. एक मॅक्स ३०१०२ हा नाडी आणि प्राणवायू मोजणारा संवेदक. तो लाल आणि अवरक्त प्रकाश बोटात सोडून परत आलेला प्रकाश मोजतो. दुसरी डीएस ३२३१ या घड्याळाची बाजारात सहज मिळणारी छोटी पट्टी. संवेदकाचा पत्ता ८७. घड्याळाचा १०४. म्हणजे भांडण नाही, असे कोणालाही वाटेल. परंतु त्या घड्याळाच्या पट्टीवर सोबतीला एक मेमरी आयसी बसवलेली असते, आणि कारखान्यातून येताना तिचा पत्ता असतो नेमका ८७.

यानंतर जे दिसले ते शिकण्यासारखे आहे. पहिल्या दिवशी काहीच बिघडले नाही. नाडी बरोबर, लहर बरोबर. कारण मेमरी कोरी होती. कोऱ्या मेमरीत सर्वत्र एकच भरलेले असतात. एक म्हणजे तार सोडून देणे. आणि सोडून देणारा दुसऱ्याच्या बोलण्यात ढवळाढवळ करीत नाही. दोघेही बोलत होते, पण एकाच्या बोलण्याला आवाज नव्हता. मेमरीत मी काही नोंदी लिहिल्या आणि मग आकडे भरकटले, कारण आता मेमरीतील प्रत्येक शून्य संवेदकाच्या एकाला खाली ओढू लागले. यंत्राने एकदाही ‘चूक’ म्हटले नाही. पोच प्रत्येक वेळी वेळेवर आली. दोन उपकरणांनी मिळून दिलेली पोच एका उपकरणाच्या पोचेसारखीच दिसते.

उपाय सोपा आहे. त्या पट्टीवर ‘ए-०’ अशी खूण केलेली दोन ठिपक्यांची जागा असते, ती कथिलाने जोडली की मेमरीचा पत्ता ८६ होतो आणि गोंधळ मिटतो. पत्ता बदलण्याचे आपल्या भागाला काही नवल नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल मुंबई राज्यात गेले, बाकीचा तालुका आंध्र प्रदेशात राहिला आणि २०१४ पासून तेलंगणात आहे. असो.

यातून निघणारा मुद्दा हा या लेखाचा गाभा आहे. रजिस्टर पत्रासोबतची पोचपावती सही होऊन परत येते तेव्हा पत्र पोचले एवढेच सिद्ध होते. पत्रातील मजकूर खरा आहे हे सिद्ध होत नाही. दोन तारांवरील पोच नेमकी तेवढीच सांगते. मूळ आय-स्क्वेअर-सी पद्धतीत मजकूर वाटेत बदलला का, हे तपासण्याची काहीही व्यवस्था नाही.

एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. दुरून तापमान मोजणाऱ्या अनेक उपकरणांत एमएलएक्स ९०६१४ हा बेल्जियन कंपनीचा संवेदक असतो. तो अंश सेल्सिअस पाठवीत नाही. तो एक पूर्णांक पाठवतो, त्याला ०.०२ ने गुणले की केल्विन मिळतात आणि त्यातून २७३.१५ वजा केले की सेल्सिअस. समजा १५५७२ हा आकडा निघाला. गुणाकाराने ३११.४४, वजाबाकीने ३८.२९, म्हणजे आपल्या सवयीच्या मापात १००.९ फॅरनहाइट. मुलाला ताप आहे. आता या आकड्यातील ज्या एका अंकाची किंमत ६४ आहे, तो अंक वाटेत खाली ओढला गेला. पोचला आकडा १५५०८. गुणाकाराने ३१०.१६, वजाबाकीने ३७.०१, म्हणजे ९८.६ फॅरनहाइट. पुस्तकात छापावे तसे नॉर्मल. एवढे देखणे माप पाहून कोणी पुन्हा मोजणार नाही. (कपाळाच्या त्वचेचे तापमान आणि शरीराच्या आतील तापमान यांतील फरकाची दुरुस्ती यंत्र वेगळी करते, ती येथे बाजूला ठेवली आहे.)

असे रोज घडते असे मी सुचवीत नाही. उलट या संवेदकाच्या निर्मात्यांनी हा धोका ओळखला आहे. तो एसएमबसची शिस्त पाळतो आणि तापमानाच्या दोन अष्टकांमागून तिसरे, पडताळणीचे अष्टक पाठवतो. ते आधीच्या सर्व अंकांवरून गणिताने काढलेले असते. एकही अंक बदलला तर हिशेब जुळत नाही. पण पाठवलेला पडताळा वाचायचा की नाही, हे यंत्र बनवणाऱ्याच्या हाती आहे. मी आंतरजालावरून घेतलेल्या शिकाऊ कार्यक्रमांपैकी काही तो वाचून सरळ टाकून देत होते. विकत घेतलेल्या यंत्रात आत काय चालते हे आपल्याला दिसत नाही. म्हणून एकच पथ्य मी स्वतःपुरते ठेवले आहे: आकडा आणि रुग्ण यांचे जुळत नसेल तेव्हा तर मोजावेच, पण मुलाचे अंग हाताला तापलेले लागत असताना आकडा अगदी नॉर्मल आला तर काखेत साधा थर्मामीटर लावल्याशिवाय सोडायचे नाही. ऑक्सिमीटरच्या बाबतीत तर तारा निर्दोष असूनही आकडा फसवू शकतो. गडद त्वचेच्या रुग्णांत तो प्राणवायू वाढवून दाखवण्याची शक्यता अधिक असते, हे डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या अमेरिकेतील अभ्यासाने पुढे आणले. आपल्या भागातील रुग्ण पाहता ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

तारांच्या लांबीविषयी थोडे. आय-स्क्वेअर-सी ही एका फळीवरील शेजाऱ्यांसाठी केलेली व्यवस्था आहे, लांब केबलीसाठी नव्हे. तार जितकी लांब तितकी तिची विद्युत्धारिता अधिक. नियमावलीने ती साधारण ४०० पिकोफॅरडपर्यंत मर्यादित ठेवली आहे. तार खाली ओढली जाते ती झटक्यात, पण वर येते ती रोधातून झिरपणाऱ्या प्रवाहाने, हळूहळू. अतिदक्षता विभागात धमनीतील दाब मोजताना नळी लांब आणि मऊ घेतली, किंवा तिच्यात हवेचा बुडबुडा राहिला, तर लहरीचे टोक बोथट होते आणि सिस्टॉलिक दाब कमी दिसतो, हे आपण जाणतो. येथेही तेच. चढण इतकी मंदावते की पुढचा ठोका पडेपर्यंत तार पुरेशी वर पोचलेलीच नसते, आणि एकाचे शून्य वाचले जाते. तेव्हा यंत्राची तुटलेली केबल कोणी हौशीने दुप्पट लांबीची लावून देत असेल तर नम्रपणे नको म्हणावे.

आता प्रत्यक्ष अनुभव. काही वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात माझ्याकडील रुग्णशय्येजवळच्या मॉनिटरवर तापमान दिसेनासे झाले. त्याच वेळी तारीख-वेळेच्या जागी आडव्या रेघा आल्या आणि बॅटरीचे चिन्हही गेले. ईसीजीची लहर मात्र व्यवस्थित धावत होती. त्या वेळी यंत्राला रुग्ण जोडलेला नव्हता, हे आमचे भाग्य. कंपनीकडे दूरध्वनी केला तेव्हा आतील मुख्य फळीच बदलावी लागेल असे सांगण्यात आले आणि तिची किंमत नव्या यंत्राच्या निम्म्याच्या जवळपास होती.

एकाच दिवशी तापमानाचा संवेदक, घड्याळ आणि बॅटरी असे तिघे स्वतंत्रपणे मरतील, हे वैद्यकीय बुद्धीलाही पटत नाही. एकाच बाजूचा हात, पाय आणि चेहरा लुळा पडला तर आपण तीन रोग शोधत नाही; या तिन्ही वाटा जिथे एकत्र येतात ती जागा शोधतो. ईसीजी चालू आहे, म्हणजे वीज आहे, मेंदू आहे, पडदा आहे. तिघांची सामाईक वाट तेवढी बंद आहे. आदिलाबादच्या एका कारागिराला मी हे सांगितले. त्याचे सारे आयुष्य टीव्ही दुरुस्तीत गेलेले. तो म्हणाला, “डॉक्टरसाहेब, टीव्हीत मेमरी आयसी शॉर्ट झाली की असंच होतं.” वीज काढून, झाकण उघडून, पुन्हा वीज देऊन त्याने मल्टिमीटर लावला. घड्याळाची तार ३.३ व्होल्टवर, माहितीची तार ०.२ वर अडकलेली. कोणीतरी साखळी ओढून धरली होती.

अशा वेळी नियमावलीत एक उतारा दिलेला आहे आणि तो मला फार आवडतो. पुष्कळदा उपकरण खराब झालेले नसते. वीज क्षणभर हलल्यामुळे संभाषण मध्येच तुटते आणि ते उपकरण आपल्या अर्ध्या राहिलेल्या शून्यावर तार धरून पुढच्या ठोक्याची वाट पाहत बसते. नियंत्रकाने तेव्हा घड्याळाच्या तारेवर नऊ ठोके द्यावेत. आठ अंक आणि एक पोच मिळून नऊ. त्यांत कोठे ना कोठे त्या उपकरणाचे वाक्य संपते आणि ते तार सोडते. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले की ‘आपोआप’ बरे होते त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. आणि कधी बरे होत नाही, त्याचे एक कारण असे की आतली बॅटरी त्या उपकरणाला जागे ठेवते. बाहेरचे बटण दाबून ते झोपतच नाही.

आमच्या यंत्रात मात्र अडकलेले वाक्य नव्हते. घड्याळाच्या चिपेशेजारची नाण्याएवढी बॅटरी गळली होती आणि दमट हवेत तिच्या क्षाराने चिपेचे पाय हिरवे पडले होते. कारागिराने ती चिप उचलताच माहितीची तार ३.३ व्होल्टवर आली. तापमान आणि बॅटरीचे चिन्ह परतले. नवी चिप काही रुपयांची, नवी नाणे-बॅटरी त्याहून स्वस्त. वेळ लागला तो फळी धुऊन वाळवण्यात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे आवश्यक आहे. रुग्णाला जोडल्या जाणाऱ्या यंत्रात रुग्णाकडील भाग विजेकडील भागापासून विद्युतदृष्ट्या अलग ठेवलेला असतो. आयईसी ६०६०१ या मालिकेतील मानकांचा हा आत्मा आहे. त्या अलगपणाला धक्का लागला तर बिघडलेला आकडा परवडला अशी वेळ येईल. कारागिराला मी त्या भागाला हात लावू दिला नाही, आणि विद्युत सुरक्षिततेची व मापांची तपासणी होऊन येईपर्यंत ते यंत्र रुग्णाला लावले नाही. घरच्या टेबलावरच्या माझ्या आर्डुइनोच्या ऑक्सिमीटरलाही हाच नियम. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली आहेत. हौसेचे यंत्र उपचारासाठी नाही.

पण एवढे सांभाळूनही आपल्यासारख्यांची एक रास्त तक्रार उरते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली. वैद्यकीय यंत्रांसाठी वेगळे क्षेत्र नव्हते. ट्रॅक्टरची माहितीपुस्तिका मागता येते आणि मॉनिटरची मागताना ओशाळावे लागते, हे मला विचित्र वाटते. आता मी यंत्र घेताना किंमत ठरवण्याआधी सर्व्हिस मॅन्युअल मागतो, आणि त्यात फळीवरील चाचणीबिंदू आणि त्यांवरील अपेक्षित व्होल्ट दिले आहेत का ते पाहतो. काही विक्रेते देतात, काही हसतात.

तो मॉनिटर तपासणीहून परत आला आणि अद्याप चालू आहे. कारागिराने झाकणाच्या आतल्या बाजूला कागदाची एक पट्टी चिकटवली आहे: माहितीची तार ३.३, घड्याळाची तार ३.३, नाणे-बॅटरी बदलल्याची तारीख, आणि तेलुगूत एक ओळ, की ही बॅटरी दर दोन वर्षांनी, पावसाळ्याआधी बदलावी.